हिशेब संगणकात, पण नक्कल कुठे?

व्यापारी माणसाला ३१ मार्च ही तारीख कोणी आठवून द्यावी लागत नाही. त्या दिवशी गल्ल्यावरची रोकड मोजली जाते, गोदामातले तागे मोजले जातात, आणि ज्याने वर्षभर तोंड दाखवले नाही अशा उधारीवाल्यालाही फोन जातो. योगायोगाची गोष्ट अशी की, २०११ पासून हीच तारीख संगणकवाले लोक जगभर ‘बॅकअप दिन’ म्हणून पाळतात. बॅकअप म्हणजे संगणकातल्या मजकुराची राखीव नक्कल. दुसऱ्या दिवशी १ एप्रिल असतो, म्हणून त्यांनी हा मुहूर्त धरला. नक्कल न ठेवणारा एप्रिल फूल ठरतो, असा त्यातला विनोद आहे. आमच्या बाबतीत हा विनोद ऑगस्ट महिन्यात झाला.

आधी एक कबुली देऊन टाकतो. कापडाच्या धंद्यात राहूनही आम्हाला यंत्रांचा शौक आहे. पेठेत पेजर आला तेव्हा तो कमरेला लावून हिंडणाऱ्यांत आम्ही होतो. १९९६ साली पेढीवर पहिला संगणक आणला, तेव्हा शेजारचे दुकानदार तो पाहायला आले आणि त्याच्यावर चादर घातलेली पाहून टीव्ही समजून परत गेले. आज आमच्या घरातल्या एका कपाटात ज्यांचे यंत्र कधीच मेले असे निदान वीस चार्जर आहेत, आणि ते फेकू देत नाही म्हणून घरातून बोलणी खातो. तेव्हा संगणकाला नावे ठेवण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्या खोड्या ठाऊक असाव्यात, एवढेच.

तर २०१८ सालची गोष्ट. पेढी मालेगावात, घाऊक कापडाची. गिऱ्हाईक खानदेशात आणि मराठवाड्यात पसरलेले, बहुतेक छोटे दुकानदार. माल उधारीवर जातो आणि पैसे सावकाश, हप्त्याहप्त्याने येतात. १ एप्रिलला नवे वर्ष सुरू झाले, तेव्हा संगणकातही नव्या वर्षाची वेगळी वही उघडली. आमचे मुनीम जुने आणि शिस्तीचे. रोज संध्याकाळी दिवे मालवण्यापूर्वी ते बॅकअपचे बटण दाबत, पडद्यावर ‘काम पूर्ण झाले’ असा निरोप येई, आणि ते आम्हाला सांगत, “शेठ, नक्कल घेतली.” आम्हीही निश्चिंत होऊन टोपी चढवत असू.

ऑगस्टातल्या एका सकाळी संगणक सुरू होईना. आतून घड्याळासारखी टिकटिक येत होती. ज्याला या यंत्रांची थोडी ओळख आहे त्याच्या पोटात त्या आवाजाने गोळा येतो. भाचा म्हणाला, “मामू, घाबरता कशाला? नक्कल तर आहे ना?” नक्कल होती. पेन ड्राइव्ह उघडला, तर त्यात ३१ मार्चपर्यंतचा हिशेब अगदी सुखरूप बसलेला. एप्रिलपासून नवी वही दुसऱ्या फोल्डरमध्ये लिहिली जात होती, आणि बॅकअपचे बटण मात्र जुन्याच फोल्डरची नक्कल घेत होते. साडेचार महिने, रोज न चुकता, मेलेल्या वर्षाची नक्कल. यंत्राने खोटे काहीच सांगितले नव्हते. जे सांगितले ते काम त्याने पूर्ण केले होते. कोणते काम सांगितले आहे हे आम्हीच पाहिले नव्हते.

डिस्क मुंबईला एका दुरुस्तीवाल्याकडे पाठवली. त्याने पस्तीस हजार सांगितले आणि हमी काही दिली नाही. तीन आठवड्यांनी जे परत मिळाले त्यात भाच्याच्या लग्नाचे चारशे फोटो होते. खातेवही नव्हती.

त्यानंतरचे दीड महिने आम्ही जे शिकलो ते कोणत्याही संगणकाच्या वर्गात शिकवत नाहीत. विक्री तर सापडली. जीएसटीच्या पोर्टलवर आमचीच भरलेली विवरणे होती, त्यात ज्या दुकानदारांकडे जीएसटी क्रमांक आहे त्यांची बिले एकेक करून दिसत होती. पण ज्यांच्याकडे क्रमांक नाही अशा छोट्या गिऱ्हाइकांची विक्री तेथे एकगठ्ठा रकमेत जाते, नावे नसतात. ती नावे बिलबुकाच्या कार्बन प्रतींतून काढावी लागली. शिवाय पोर्टलला आम्ही काय विकले ते ठाऊक, पैसे कोणी दिले ते ठाऊक नाही. चेक आणि ऑनलाइन आलेली रक्कम बँकेच्या पासबुकात मिळाली. रोखीने आलेल्या हप्त्यांचे काय? त्यासाठी पावतीबुके, मुनीमजींच्या खिशातली डायरी, आणि शेवटी गिऱ्हाइकाची जबान.

सुमारे चौदा लाखांची उधारी अशी कागद जोडून जोडून उभी केली. बहुतेकांनी आपली वही उघडून खरी रक्कम सांगितली. काहींना आमची अडचण कळताच त्यांची स्मरणशक्ती अंमळ क्षीण झाली. एक लाख ऐंशी हजारांचा मेळ अखेर बसला नाही. ज्याच्याशी पंधरा वर्षांचा व्यवहार अशा एका दुकानदाराशी आमचा शब्दाने शब्द वाढला, आणि कोण खरे ते आजही आम्ही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पैशापेक्षा हे जास्त लागले. खातेवही दोघांतला साक्षीदार असते, आणि आमचा साक्षीदार टिकटिक करत मरून गेला होता.

आता ही डिस्क मरते कशी, ते थोडे पाहू. हार्ड डिस्कच्या डबीत आरशासारख्या तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेत असतात, आणि त्यांच्यावर वाचणारे टोक चिकटून नव्हे तर तरंगत फिरते. मधली फट इतकी बारीक की माणसाचा केस तिच्यापुढे डोंगर ठरेल. झटका बसला, वीज एकाएकी गेली, की ते टोक कधीतरी तबकडीवर घासते आणि जेथे घासले तेथला लेप खरवडून निघतो. त्या लेपातच आपला हिशेब असतो. यंत्रमागाच्या गावात आणखी एक दुश्मन आहे. हवेतले कापसाचे तंतू संगणकाच्या पंख्यात जाऊन बसतात, पंखा मंदावतो, आतली उष्णता वाढते. आमचा डबा उघडला तेव्हा पंख्यावर एका उशीचा कापूस निघाला असता.

हल्ली एसएसडी नावाची डिस्क येते, तिच्यात फिरणारे काही नसते. ती वेगवान आहे आणि धक्क्याला दबत नाही, हे खरे. पण मरताना ती बहुधा टिकटिकही करत नाही. सकाळी चालू, दुपारी गप्प. पेन ड्राइव्हमध्ये मजकूर विजेच्या सूक्ष्म भाराच्या रूपात साठवलेला असतो, आणि वर्षानुवर्षे कपाटात पडून राहिल्यास तो भार झिरपून जाऊ शकतो. म्हणून पेन ड्राइव्ह मजकूर इकडून तिकडे नेण्याची पिशवी आहे, तिजोरी नाही. आमच्या पेठेतले कित्येक लोक चावीच्या जुडग्यात लटकवलेल्या पेन ड्राइव्हवर दहा वर्षांचा हिशेब घेऊन फिरतात. चावी किती वेळा हरवली ते त्यांना विचारावे.

कापडवाल्यांना खरे तर यंत्राच्या स्मरणशक्तीची नवलाई वाटू नये. यंत्राला आठवण ठेवायला शिकवले ते आपल्याच धंद्याने. फ्रान्सच्या लियों शहरात जोसेफ मारी जॅकार्ड याने १८०४ साली भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांवर चालणारा माग तयार केला. कार्डात भोक असेल तेथे ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तेथे खाली राहतो. हो किंवा नाही, एवढ्या दोनच गोष्टींवर सारी नक्षी. आजचा संगणकही हेच दोन शब्द जाणतो. १८३९ साली लियोंमध्ये जॅकार्डचे रेशमी चित्र मागावर विणले गेले, त्याला सुमारे २४ हजार कार्डे लागली. इंग्लंडचा चार्ल्स बॅबेज हे चित्र आपल्या घरी पाहुण्यांना दाखवीत असे, आणि आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात त्याने कार्डांचीच योजना केली होती.

आमच्या जिल्ह्यातच, येवल्याला, जॅकार्डच्या मागावर कार्डांची माळ आजही पाहायला मिळते. विणकराला विचारा, कार्ड फाटले तर काय? तो म्हणेल, नवे पाडू. भोक डोळ्याला दिसते, बोटाला लागते. ही सोय डिस्कमध्ये गेली. आयबीएमने १९५६ साली पहिली हार्ड डिस्क विकायला काढली, तीत २४ इंची ५० तबकड्या होत्या, वजन टनाच्या घरात आणि साठवण ५० लाख अक्षरांची. आज त्याच्या लाखो पट मजकूर नखाएवढ्या चकतीत मावतो. मावतो तसाच जातोही, एका क्षणात.

आमच्यासारख्या छोट्या पेढीवरच असे होते, असे वाटून घेऊ नये. अमेरिकेच्या पिक्सार कंपनीत १९९८ साली ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाचे काम चालू होते. संगणकावर काढलेला चित्रपट, म्हणजे सगळी मेहनत डिस्कवर. कोणीतरी पुसून टाकण्याची आज्ञा चुकीच्या जागी दिली, आणि बसलेल्या लोकांच्या डोळ्यांदेखत एकेक पात्र गायब होऊ लागले. यंत्रे बंद करेपर्यंत चित्रपटाचा बहुतेक भाग गेलेला. बॅकअप काढायला गेले तर कळले की तो कित्येक दिवस नीट होतच नव्हता, आणि हे कोणी तपासलेच नव्हते. गॅलिन सुसमन नावाच्या बाई तान्ह्या बाळामुळे घरून काम करत होत्या, म्हणून त्यांच्या घरच्या संगणकात चित्रपटाची एक नक्कल होती. तो संगणक ब्लँकेटात गुंडाळून गाडीतून आणला गेला आणि चित्रपट वाचला. पुढे त्या चित्रपटाची कथाच आवडली नाही म्हणून बहुतांश काम नव्याने करावे लागले, हा भाग निराळा. दैवालाही विनोदाची आवड आहे.

हे वाचून आम्हाला थोडे समाधान वाटले, खोटे कशाला बोला. एवढ्या मोठ्या कंपनीचा आणि आमच्या मुनीमजींचा अपराध एकच निघाला: नक्कल घेतली, पण उघडून पाहिली नाही.

आता दुसरा एक गैरसमज. पुष्कळ व्यापारी बांधव सांगतात, आमचा सारा हिशेब गूगलवर चढतो, आम्हाला काळजी नाही. येथे दोन गोष्टींची गल्लत होते. एक असते सिंक, दुसरा बॅकअप. सिंक म्हणजे संगणकातला मजकूर आणि इंटरनेटवरचा मजकूर सतत सारखा ठेवणे. सारखा म्हणजे सर्व बाबतींत सारखा. तुम्ही येथे खोडले की तेथेही खोडले जाते. अशा बिलबुकाची कल्पना करा, ज्यात वरच्या पानावर रबर फिरवले की खालची कार्बन प्रतही आपोआप पुसली जाते. काही सेवा पुसलेला मजकूर महिनाभर टोपलीत जपून ठेवतात, पण महिन्याभरात चूक ध्यानात आली पाहिजे. आमच्या ध्यानात यायला साडेचार महिने लागले होते.

आणि खंडणीखोरांचे काय? १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा उपद्रव सुटला, तो दीडशेहून अधिक देशांत पोचला. इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांत रोग्यांच्या भेटी रद्द कराव्या लागल्या. हा प्रकार मजकूर चोरत नाही. त्याला कुलूप लावतो आणि किल्लीसाठी ३०० डॉलर मागतो. संगणकाला जे जे जोडलेले असेल, त्या सर्वाला कुलूप बसते. म्हणजे बॅकअपची डिस्क रात्रंदिवस संगणकातच खोचून ठेवली असेल, तर ती नक्कल नव्हे, दुसरे सावज आहे.

याहून सावकाश येणारे एक संकट आहे आणि त्याकडे कोणाचेच लक्ष नसते. मजकूर सुखरूप असतो, पण तो वाचणारे यंत्र किंवा प्रोग्राम उरत नाही. इंग्लंडात १०८६ साली राजाच्या हुकुमाने जमीनजुमल्याची मोजदाद झाली, ती ‘डूम्सडे बुक’ म्हणून प्रसिद्ध आहे. तिला ९०० वर्षे झाली म्हणून १९८६ साली बीबीसीने तशीच नवी नोंद तयार करवली, हजारो शाळकरी मुलांनी आपापल्या गावाची माहिती लिहिली, आणि ती सर्व त्या काळच्या आधुनिक लेसर तबकड्यांवर साठवली. पंधरा-सोळा वर्षांत त्या तबकड्या वाचणारी यंत्रे दुर्मीळ झाली, आणि मजकूर सोडवण्यासाठी विद्वानांना खास प्रयत्न करावे लागले. चामड्यावर लिहिलेली मूळ वही मात्र डोळ्यांनी वाचता येते, तिला कोणतेच यंत्र लागत नाही.

आमचे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले, त्यामुळे याची एक झळ आम्हाला घरातच लागली. वडिलांची भागीदारीसंबंधीची पत्रे आम्ही पूर्वी इनपेज या उर्दू प्रोग्रामवर टाइप करून ठेवली होती. जुन्या इनपेजची फाइल दुसरीकडे उघडली तर अक्षरांऐवजी चिन्हांचा रानोमाळ पसारा दिसतो. मराठी वाचकांनाही हा अनुभव असणारच. जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेले पत्र नव्या संगणकावर उघडावे, तर इंग्रजी अक्षरांचा चिवडा. १९९१ पासून आलेल्या युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक असतो, म्हणून त्यात लिहिलेले कोठेही वाचता येते. ज्यांच्याकडे जुन्या फॉन्टमधले करारनामे, संस्थांचे ठराव, हिशेबपत्रके असतील, त्यांनी जुना प्रोग्राम चालतो आहे तोवर ती युनिकोडमध्ये किंवा निदान पीडीएफमध्ये काढून घ्यावीत. आमच्या भाच्याने वडिलांची सोळा पत्रे अशी सोडवली. दोन गेली.

मग करावे काय? छायाचित्रकारांच्या दुनियेतून आलेला एक हिशेब संगणकवाले मानतात: मजकुराच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी. आम्ही तो आमच्या ऐपतीप्रमाणे बसवला आहे. पहिली प्रत पेढीच्या संगणकात. दुसरी बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कवर, जी संध्याकाळी जोडायची, नक्कल घ्यायची, काढून तिजोरीत ठेवायची. तिसरी इंटरनेटवर, पण सिंक नव्हे. रोजची फाइल त्या दिवसाची तारीख नावात घालून वेगळी चढवायची, म्हणजे आजच्या चुकीने कालची प्रत बिघडत नाही. आम्ही घेतली तेव्हा अशी एक डिस्क पाच-सहा हजारांत येत असे. आम्ही दोन घेतल्या, एक पेढीवर आणि एक पेढीबाहेर, आठवड्याने अदलाबदल. पेढीला आग लागली किंवा पाणी शिरले, तर तिजोरीतली डिस्कही संगणकाबरोबरच जाईल, हे विसरू नये.

पण या सगळ्याहून महत्त्वाचे काम वेगळेच आहे, आणि तेच कोणी करत नाही. महिन्यातून एकदा नक्कल दुसऱ्या संगणकावर उघडायची. नुसती फाइल दिसते का ते पाहायचे नाही. उघडून कालचे शेवटचे बिल शोधायचे, कोणत्याही एका गिऱ्हाइकाची बाकी वाचायची आणि ती पेढीवरच्या बाकीशी ताडून पाहायची. दहा मिनिटांचे काम आहे. नवे आर्थिक वर्ष उघडल्यावर, प्रोग्राम बदलल्यावर, संगणक बदलल्यावर हे त्याच दिवशी करावे. आमचा घात नेमका तेथेच झाला.

व्हॉट्सअॅपचीही आठवण ठेवावी. आज निम्म्या ऑर्डरी आणि डिझाइनचे फोटो तेथेच असतात. अँड्रॉइड फोनवर त्याची नक्कल गूगलच्या खात्यात जाते, आणि २०२४ पासून ती तुमच्या १५ जीबीच्या मोफत जागेतच मोजली जाऊ लागली. जागा भरली की नक्कल थांबते. सूचना येते, पण ती वाचतो कोण? ऑर्डर पक्की झाली की ती बिलबुकात उतरवणे हाच त्यावर स्वस्त उपाय आहे.

शिवाय हा फक्त शहाणपणाचा प्रश्न राहिलेला नाही. जीएसटीच्या कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. हिशेब संगणकात असेल तर अपघात झाल्यावर तो वाजवी वेळात परत उभा करता येईल अशी नक्कल ठेवणे नियम ५७ प्रमाणे बंधनकारक आहे. अधिकाऱ्यापुढे ‘डिस्क गेली’ हे उत्तर म्हणून चालत नाही. आपले कर सल्लागार हे सांगत नसतील तर त्यांना आपण विचारावे.

लोक नवा संगणक घ्यायला जातात तेव्हा किती जीबी, कोणता प्रोसेसर, पडदा किती इंची, हे सारे विचारतात. हल्ली तर आतून लाल-निळे दिवे लागणारे डबे हिशेबासाठी घेतलेले आम्ही पाहिले आहेत, जणू उधारी उजेडात लवकर वसूल होते. नक्कल कोठे ठेवायची हे विचारणारा गिऱ्हाईक आपल्याला अजून भेटला नाही, असे एक विक्रेता आम्हाला सांगत होता. आम्हीही १९९६ साली विचारले नव्हते.

मुनीमजी आता रोज “नक्कल घेतली” एवढेच सांगत नाहीत. “नक्कल घेतली, शेवटचे बिल अमुक नंबरचे,” असे सांगतात आणि नंबर वहीत लिहितात. दुसरी डिस्क आमच्या धाकट्या बहिणीच्या घरी, स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवर, पिठाच्या डब्याशेजारी आहे. दर शुक्रवारी भाचा ती बदलून आणतो. मागच्या महिन्यात ती उघडून पाहिली. बाक्या जुळल्या, डबीला थोडे पीठ लागले होते.